वेबचं इंग्रजी वेगळं शिकायला हवं

शाळा मराठी माध्यमाची, पदवी कॉमर्सची, पहिली नोकरी हिशेब ठेवण्याची. वेब डेव्हलपमेंट मी त्यानंतर शिकले आणि आता तेच माझं रोजचं काम आहे. त्यामुळे ओळखीतली मुलं-मुली मला हमखास एक गोष्ट विचारतात : आधी इंग्रजी सुधारून घेऊ आणि मग कोडिंगला हात घालू का? मी म्हणते, अजिबात थांबू नका. इंग्रजी सुधारणं हे कधीच न संपणारं काम आहे, आणि वेबच्या कामाला लागणारं इंग्रजी हा त्यातला एक छोटा, बऱ्यापैकी स्वतंत्र भाग आहे. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यालाही तो मुद्दाम शिकावा लागतो. कादंबऱ्या वाचून ‘फ्लेक्स-श्रिंक’ (जागा कमी पडली की पानावरचा एखादा भाग किती आकसावा हे सांगणारा शब्द) कळत नाही, आणि ज्याला ‘फ्लेक्स-श्रिंक’ नीट कळलंय त्याला कादंबरी वाचता येईलच असंही नाही. मला आज त्या छोट्या भागाबद्दल लिहायचंय, कारण तो कुणी धड शिकवत नाही असं मला मनापासून वाटतं. शिकवणारे कोड समजावतात आणि शब्द मुलांना येतातच असं गृहीत धरतात.

हा भाग किती छोटा आहे ते आधी बघा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलचं, म्हणजे वेबची पानं लिहायच्या भाषेचं, पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात अवघे १८ टॅग, म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा, होते. आज ते शंभरावर गेलेत, पण रोज हाताखालून जाणारे मोजकेच. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, गुणधर्म पुष्कळ आहेत, तरी ते ज्या शब्दांनी बनलेत ते शब्द फिरून फिरून तेच : टॉप, बॉटम, ऑटो, नन, रॅप, गॅप, ग्रो, श्रिंक, इनहेरिट. एकदा ‘इनहेरिट’ म्हणजे वरच्याकडून वारशाने घेणं हे डोक्यात बसलं की सीएसएसच्या अर्ध्या तक्रारी आपोआप कळायला लागतात. रंग बापाला, म्हणजे बाहेरच्या टॅगला, दिला आणि मुलाला, म्हणजे त्याच्या आतल्या टॅगला, लागला, मार्जिन बापाला दिलं आणि मुलाला लागलं नाही, हे का, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. काही गुणधर्म वारशाने जातात, काही जात नाहीत.

मी शब्दांची वही ठेवते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी ती नाही. तशी यादी केली की शब्द पाठ होतो आणि कोडमध्ये समोर आला की ओळखू येत नाही. माझ्या वहीत शब्दाखाली पहिली ओळ असते ती जिथे तो भेटला त्या कोडची. दुसऱ्या ओळीत तो तिथे काय काम करतोय. तिसऱ्या ओळीत, तो काढून टाकला तर काय होतं. ही तिसरी ओळ सगळ्यात मोलाची, कारण ती लिहायला प्रत्यक्ष करून बघावं लागतं.

‘डिफर’ हा शब्द घ्या. शब्दकोश सांगतो, पुढे ढकलणे. ठीक आहे. पण स्क्रिप्टच्या (पानाला जोडलेल्या, जावास्क्रिप्ट या भाषेतल्या कोडच्या फाइलच्या) टॅगमध्ये ‘डिफर’ लिहिलं की नक्की काय पुढे ढकललं जातं? फाइल आणण्याचं काम नव्हे. ब्राउझर फाइल आणायला लगेच सुरुवात करतो आणि त्याच वेळी पान वाचणंही चालू ठेवतो. पुढे ढकललं जातं ते फाइल चालवणं, आणि तेही संपूर्ण पान वाचून होईपर्यंत. आता तो शब्द काढून टाका. स्क्रिप्ट पानाच्या डोक्यात, म्हणजे ‘हेड’मध्ये असेल तर ब्राउझर वाचता वाचता तिथेच थांबतो, स्क्रिप्ट आणतो, चालवतो, आणि मगच खाली जातो. स्क्रिप्ट एखादं बटण शोधत असेल तर ते बटण अजून पानावर आलेलंच नसतं. पानावरची वस्तू शोधणाऱ्या ‘क्वेरीसिलेक्टर’च्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, येतो आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर जिथे चुका दाखवतो तिथे, लाल ओळ उमटते. ही लाल ओळ आणि ‘डिफर’ या शब्दाचा अर्थ मी वहीच्या एकाच पानावर लिहिलाय. शेजारी ‘असिंक’ आहे. त्यातही फाइल शेजारी-शेजारी येते, पण आली की लगेच चालते, पान वाचून झालंय की नाही याची वाट बघत नाही. दोन शब्द असे जोडीने शिकले की एक दुसऱ्याचा अर्थ पक्का करतो.

लाल ओळींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शब्द शिकायला त्यांच्यासारखी जागा नाही. शिकणारी मुलं एरर आली की घाबरून ती पुसायला बघतात. माझा आग्रह असतो की आधी ती मोठ्याने वाचा. समजा ‘यूजर’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेत, काहीच आलेलं नाही आणि आपण त्यातलं ‘नेम’ मागतोय. क्रोम म्हणतो, ‘अनकॉट टाइपएरर : कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग नेम’. फायरफॉक्स म्हणतो, ‘कान्ट ॲक्सेस प्रॉपर्टी नेम, यूजर इज अनडिफाइन्ड’. सफारी म्हणतो, ‘अनडिफाइन्ड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट, इव्हॅल्युएटिंग यूजर डॉट नेम’. चूक एकच, वाक्यं तीन. क्रोमला ‘वाचता’ येत नाही, फायरफॉक्सला ‘पोहोचता’ येत नाही, आणि सफारी सांगतो की मी हे ‘सोडवत’ होतो आणि हातात आलेली वस्तू ऑब्जेक्टच नव्हती. तिन्ही ब्राउझर उघडून ही एकच चूक मुद्दाम करून बघा. रीड, ॲक्सेस, इव्हॅल्युएट, प्रॉपर्टी, ऑब्जेक्ट, असे पाच कामाचे शब्द एका बैठकीत ओळखीचे होतात, आणि कुठे वापरतात हेही कळलेलं असतं.

सुरुवातीचा ‘अनकॉट’ मुलं वगळून पुढे वाचतात. तो वगळू नका. जावास्क्रिप्टमध्ये चूक ‘थ्रो’ होते, म्हणजे फेकली जाते, आणि ती ‘कॅच’ करायची सोय असते. ‘अनकॉट’ म्हणजे फेकलेली चूक कुणी झेललीच नाही, ती थेट ब्राउझरपर्यंत गेली. म्हणजे इथे ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ लिहिलेलं नाही, किंवा लिहिलंय ते भलत्या जागी. एवढी माहिती त्या एका शब्दात आहे.

आणि ‘इज अनडिफाइन्ड’ व ‘इज नॉट डिफाइन्ड’ यांतला फरक! साध्या इंग्रजीत दोन्ही जवळपास सारखं वाटेल. जावास्क्रिप्टमध्ये त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘नॉट डिफाइन्ड’ म्हणजे या नावाचं इथे काही नाहीच, तुम्ही ते जाहीरच केलेलं नाही किंवा नाव लिहिताना अक्षर चुकलंय. ती ‘रेफरन्सएरर’ असते. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे नाव आहे, जागा आहे, पण आत किंमत भरलेली नाही. पहिल्यात शोध नावाचा घ्यायचा, दुसऱ्यात किंमत कुठून यायची होती त्याचा. इंग्रजीचा प्राध्यापकही हा फरक सांगू शकणार नाही, कारण तो इंग्रजीतला नाहीच, या कामातला आहे. म्हणूनच मी म्हणते की हे वेगळं शिकायला हवं.

अनोळखी शब्दांचा मला तसा धाक वाटत नाही. ‘कॉन्कॅटिनेट’ किंवा ‘आयडेम्पोटंट’ दिसला की माणूस थांबतो, शोधतो, शिकतो. अवघड जातात ते शाळेपासून ओळखीचे शब्द, कारण तिथे कुणी थांबतच नाही. आर्ग्युमेंट म्हणजे भांडण, हे आपल्याला कधीचं माहीत असतं. फंक्शनला दिलेलं आर्ग्युमेंट म्हणजे त्याला काम करायला दिलेला माल, आणि फंक्शन लिहिताना त्या मालासाठी जे नाव ठेवतो ते पॅरामीटर. स्ट्रिंग, फ्लोट, क्लास, पोर्ट, होस्ट, थ्रेड, लायब्ररी हे सगळे असेच. ‘प्रॉमिस’ तर मला फार आवडतो. नेहमीच्या अर्थाशी त्याचं नातं शाबूत आहे : उत्तर आत्ता हातात नाही, पण देईन किंवा नाही म्हणून कळवेन. त्याच्या अवस्थांची नावंही त्याच घराण्यातली. उत्तर यायचंय तोवर ‘पेंडिंग’, वचन पाळलं की ‘फुलफिल्ड’, मोडलं की ‘रिजेक्टेड’, आणि दोन्हीपैकी काहीही होऊन प्रकरण मिटलं की ‘सेटल्ड’. हे चार शब्द एकत्र शिकले तर एकही विसरत नाही. चार वेगळ्या दिवशी चार याद्यांमधून शिकले तर चारही विसरतात.

काही वेळा मात्र शब्दच दिशाभूल करतो, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. सर्व्हरकडून, म्हणजे पानं पुरवणाऱ्या संगणकाकडून, उत्तरात येणारा ४०१ क्रमांक घ्या. त्याचं अधिकृत नाव आहे ‘अनऑथराइज्ड’. नावावरून वाटेल की तुम्हाला परवानगी नाही. प्रत्यक्षात ४०१ सांगतो, तुम्ही कोण आहात ते मला पटलेलं नाही, आधी ओळख द्या. परवानगी नसल्याचा क्रमांक ४०३, ‘फॉरबिडन’ : तुमची ओळख पटलेली असली तरी आत सोडणार नाही. ओळख पटवणं म्हणजे ऑथेंटिकेशन, परवानगी देणं म्हणजे ऑथरायझेशन. या दोन शब्दांची सुरुवात सारखी असल्यामुळे अनुभवी लोकही बोलताना त्यांची अदलाबदल करतात आणि लिहिताना दोन्हीला ‘ऑथ’ म्हणून मोकळे होतात. मी शिकवताना ‘ऑथ’ म्हणू देत नाही. पूर्ण शब्द उच्चारायला लावते. लॉगिनचा प्रश्न आहे की हक्काचा, हे तिथेच स्पष्ट होतं आणि अर्ध्या तासाची शोधाशोध वाचते. याच कुटुंबातली आणखी एक छान जोडी आहे. ४०४, ‘नॉट फाउंड’, म्हणजे सापडलं नाही, कधी होतं की नव्हतं, पुढे येईल की नाही, याबद्दल काही बोलत नाही. ४१०, ‘गॉन’, म्हणजे होतं, काढून टाकलंय, आणि परत यायची अपेक्षा ठेवू नका.

माझी मामेबहीण सध्या हे सगळं शिकतेय. तिचे फोन येतात ते बहुतेक एका शब्दासाठी. परवाचा हा.

“ताई, डेप्रिकेटेड म्हणजे बंद केलेलं ना?”

“नाही ग. अजून चालतं. पण नवीन कोडमध्ये वापरू नकोस, पुढेमागे जाणार आहे, असं बजावून ठेवलेलं.”

“मग ऑब्सोलीट?”

“ते त्याच्या पुढचं. आता वापरायचंच नाही.”

“पण सेंटरचा टॅग ऑब्सोलीट लिहिलाय आणि माझ्याकडे तर मजकूर मधोमध येतोय!”

तिची शंका अगदी रास्त होती. सेंटर हा टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये डेप्रिकेटेड ठरला आणि एचटीएमएल ५ मध्ये ऑब्सोलीट. तरीही ब्राउझर तो आजही दाखवतात, कारण जुनी पानं मोडायची नाहीत हा वेबचा शिरस्ता आहे. नियम पान लिहिणाऱ्यासाठी बदलला, पान दाखवणाऱ्यासाठी नाही. लायब्रऱ्यांचं तसं नसतं. तिथे एखादं फंक्शन आधी डेप्रिकेटेड होतं आणि नंतरच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत खरोखर ‘रिमूव्हड’ होतं, म्हणजे नाहीसंच. हिशेबाच्या कामातून आलेल्यांनी आणखी एक सांभाळावं. डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, हा आपला जुना शब्द दिसायला याच्या फार जवळचा आहे. पण घसाऱ्यात किंमत उतरते, डेप्रिकेशनमध्ये शिफारस काढून घेतली जाते. एका अक्षराने सगळा विषय बदलतो.

अक्षरांवरून स्पेलिंगकडे येते. बोलण्यात उच्चार चुकला तर समोरचा सांभाळून घेतो, मशीन घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळदा ते चूक दाखवतही नाही. ॲरेच्या, म्हणजे कोडमधल्या यादीच्या, ‘लेंग्थ’मधल्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर जावास्क्रिप्ट ओरडत नाही. त्या नावाची प्रॉपर्टी नसल्यामुळे मुकाट्याने ‘अनडिफाइन्ड’ देतं. त्या किमतीवर लूप चालवायला गेलात तर शून्य हे अनडिफाइन्डपेक्षा लहान आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘फॉल्स’ येतं आणि लूप एकदाही फिरत नाही. कन्सोल स्वच्छ, पान रिकामं. सीएसएसमध्येही तेच. ‘हाइट’ चुकीचं लिहिलं तर ती ओळ निमूट वगळली जाते. डेव्हलपर टूल्स उघडून बघितलं तर तिच्यावर रेघ मारलेली दिसते. मी हे असं लक्षात ठेवते : लांबी आणि रुंदीच्या शेवटी टी-एच, उंचीच्या शेवटी एच-टी. ‘कलर’मध्ये यू नाही, ‘सेंटर’च्या शेवटी ई-आर, कारण स्पेलिंग अमेरिकन आहे. शाळेत आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो म्हणून इथे हात अडखळतो. करड्या रंगाचं मात्र ए असलेलं आणि ई असलेलं, दोन्ही स्पेलिंग सीएसएसला चालतात.

आणि एका जागी चुकीचं स्पेलिंगच बरोबर आहे. तुम्ही कोणत्या पानावरून आलात हे ब्राउझर सर्व्हरला ज्या हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीतून, कळवतो त्याचं नाव ‘रेफरर’. हे हेडर सुचवताना फिलिप हॅलम-बेकर यांच्या प्रस्तावात मधला एक आर गळला, १९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांच्या, दस्तऐवजात तो तसाच गेला, आणि तोवर ते इतक्या ठिकाणी वापरात आलं होतं की बदलणं शक्य नव्हतं. आजही ते हेडर एका आरने लिहावं लागतं. जावास्क्रिप्टमधला ‘डॉक्युमेंट डॉट रेफरर’ मात्र दोन आरने, आणि नंतर आलेलं ‘रेफरर-पॉलिसी’ हे हेडरही दोन आरने. शब्दकोशावर विसंबून हे कुणालाच येणार नाही. हे बघूनच शिकायचं.

उपसर्ग आणि प्रत्यय यांवर फार वेळ घालवू नका, एक संध्याकाळ पुरते. ‘प्री’ म्हणजे आधीच, म्हणून प्रीलोड, प्रीफेच, प्रीकनेक्ट. ‘अन’ आणि ‘डी’ म्हणजे केलेलं उलटं फिरवणं, म्हणून माउंट-अनमाउंट, एन्कोड-डिकोड. शेवटी ‘एबल’ आला की ‘करता येण्याजोगं’ : ड्रॅगेबल, इटरेबल, रायटेबल. संस्कृत उपसर्ग शाळेत घोकलेल्या आपल्या पिढीला हे जड जात नाही.

शब्दांच्या जन्मकथा मला आवडतात, पण त्या कामाच्या तेव्हाच ठरतात जेव्हा शब्दामागची अडचण सांगतात. कुकीचंच बघा. एचटीटीपी ‘स्टेटलेस’ आहे, म्हणजे प्रत्येक विनंती सर्व्हरला नवीच. मघाशी तुम्हीच आला होता याची त्याला आठवण नसते. मग दुकानाच्या पानावर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर टिकणार कशी? नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये यावर कुकीचा उपाय काढला. नाव घेतलं प्रोग्रामरांच्या जुन्या ‘मॅजिक कुकी’वरून : एका प्रोग्रामने दुसऱ्याला द्यायची आणि जशीच्या तशी परत घ्यायची छोटीशी खूण. ही अडचण कळली की स्टेटलेस, सेशन, एक्स्पायर, पर्सिस्टंट, थर्ड-पार्टी हे सगळे शब्द एका ओळीत येऊन उभे राहतात. सेशन कुकी म्हणजे ब्राउझर बंद केला की जाणारी, पर्सिस्टंट म्हणजे दिलेल्या मुदतीपर्यंत राहणारी. ‘पिंग’ची कथाही अशीच बोलकी आहे. माइक मूस यांनी १९८३ मध्ये ही आज्ञा लिहिली आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी येतो का ऐकायचा. म्हणूनच तिच्या उत्तरात वेळ असतो आणि ‘टाइमआउट’ असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात त्या तीन शब्दांकडे येते. तिन्ही इतके किरकोळ दिसतात की कुणी वहीत लिहीत नाही : मस्ट, शुड, मे.

इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, तुमची मतं कळवा. इतक्या नम्र नावाच्या कागदांवर अख्खं इंटरनेट उभं आहे, हे मला आजही भारावून टाकतं. पुढे मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ लिहिला तो निव्वळ शब्दांबद्दल. नियमात मस्ट आला तर त्याचा अर्थ काय, शुड आला तर काय, मे आला तर काय, हे त्यात ठरवून दिलंय. मस्ट म्हणजे सक्ती, सवलत नाही. शुड म्हणजे तसंच करावं, पण खरंच सबळ कारण असेल तर आणि परिणामांचा पूर्ण विचार करून वेगळं करता येईल. मे म्हणजे ऐच्छिक. २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने आणखी स्पष्ट केलं की हे खास अर्थ शब्द सगळा मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिला असेल तेव्हाच लागू होतात.

मराठीत आपण ‘पाहिजे’ म्हणतो आणि त्यात मस्ट आणि शुड दोन्ही बसवतो. त्यामुळे वाचताना दोन्ही एकाच वजनाचे वाटतात आणि फरक हातून निसटतो. मी स्वतःपुरती सोय केली आहे : मस्ट दिसला की ‘केलंच पाहिजे’, शुड दिसला की ‘करावं’, मे दिसला की ‘केलं तरी चालेल’. मग एचटीटीपीचा दस्तऐवज, म्हणजे २०२२ चा आरएफसी ९११०, एकदम बोलायला लागतो. ४०१ पाठवणाऱ्या सर्व्हरने ओळख कशी पटवायची हे सांगणारं हेडर सोबत दिलंच पाहिजे. ३०१ पाठवून पान कायमचं हलल्याचं कळवणाऱ्याने नवा पत्ता सोबत द्यावा. आणि एखादी गोष्ट आहे हेच लपवायचं असेल, तर सर्व्हरने ४०३ ऐवजी ४०४ पाठवलं तरी चालेल. हे शेवटचं वाचल्यापासून खाजगी पानांवर ४०४ दिसला की ‘पान नाहीच’ असा निष्कर्ष मी घाईने काढत नाही. एका ‘मे’ने एवढं शिकवलं.

वाटतं तेवढे हे दस्तऐवज वाचायला कठीण नाहीत. वाक्यं लांब असतात, पण कर्ता आणि क्रियापद शोधलं की सुटतात. सर्व्हर, क्लायंट, प्रॉक्सी, कॅश, एवढेच कर्ते. सेंड, जनरेट, इग्नोर, फॉरवर्ड, स्टोअर, अशी मोजकी क्रियापदं. सुरुवात मात्र एमडीएन वेब डॉक्स या वेबच्या भाषांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळापासून करा. तिथे शब्दांची स्वतंत्र सूची आहे आणि प्रत्येक शब्दाला चार-पाच साध्या वाक्यांत उत्तर आहे. रोज झोपण्याआधी एक शब्द तिथे वाचायचा आणि मराठीत स्वतःला मोठ्याने समजावून सांगायचा, हा माझा अजूनचा क्रम आहे.

मराठीत समजावण्यावर माझा फार भर आहे. संज्ञा इंग्रजी ठेवा, वाक्य मराठी करा. ‘दुवा’, ‘संकेतस्थळ’ हे शब्द मी वाचकांसाठी लिहिताना आनंदाने वापरते. पण कोडमध्ये दुव्याचा पत्ता द्यायला ‘एचरेफ’च लिहायचंय आणि अडलं की शोधायचंही इंग्रजीतूनच आहे, तेव्हा तो शब्द जिभेवर हवा. “इव्हेंट बबल होतो म्हणजे बटणावर झालेला क्लिक आधी बटणाला कळतो, मग त्याच्या बापाला, मग आज्याला, असा वर वर जातो” हे वाक्य ज्याला न अडखळता म्हणता आलं त्याला बबलिंग समजलं. ते इंग्रजीत म्हणता येतं की नाही, हा नंतरचा आणि खूपच छोटा प्रश्न आहे.

वाचता यायला लागलं की लिहायला घ्या, आणि तेही लगेच. इथेही साचे तयार आहेत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिटचा, म्हणजे अशा एका नोंदीचा, संदेश आज्ञार्थात लिहायची पद्धत आहे : फिक्स अमुक, ॲड तमुक, रिमूव्ह ढमुक. काळ नाही, कर्ता नाही, व्याकरणाची धास्ती नाही. एखाद्या लायब्ररीत दोष सापडला तर कळवायचा साचाही ठरलेला आहे. ‘स्टेप्स टू रिप्रोड्यूस’ खाली, दोष पुन्हा घडवायला काय काय करायचं. ‘एक्स्पेक्टेड’ खाली, काय व्हायला हवं होतं. ‘ॲक्च्युअल’ खाली, काय झालं. प्रत्येकी दोन-तीन छोटी वाक्यं पुरतात आणि लांबलचक इंग्रजी पत्रापेक्षा ती सरस ठरतात, कारण वाचणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

मामेबहिणीने अलीकडेच एका ओपन सोर्स प्रकल्पाला असा दोष कळवला. मेन्यू उघडल्यावर कीबोर्डचा फोकस भलतीकडेच जात होता. मी तिचा मजकूर तपासला नाही, मुद्दामच. तिकडून उत्तर आलं, आणि तिच्या नोंदीला एक लेबल चिकटवलेलं होतं : रिग्रेशन. लगेच तिचा फोन. मी सांगितलं, आधीच्या आवृत्तीत जे नीट चालत होतं ते नव्या बदलाने बिघडलं, म्हणजे रिग्रेशन. आता ती नेमक्या कोणत्या कमिटपासून बिघडलं ते शोधत बसली आहे. त्यासाठी गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञा आहे. बिघडलेली आणि चांगली, अशा दोन टोकांमधला मधला कमिट ती काढून देते, तो चालवून बघायचा आणि तिला एकच शब्द सांगायचा, गुड किंवा बॅड. दर उत्तराला उरलेले कमिट निम्म्यावर येतात. काल रात्रीपर्यंत तिचे आठ उरले होते.